तीव्र दम्याच्या तातडीच्या उपचारात स्टेरॉइडचे स्थान : एक ऐतिहासिक अभ्यास (१९४८ ते २०२४)

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक शास्त्रज्ञाने अमुक साली अमुक औषध शोधले आणि त्यानंतर अमुक रोग आटोक्यात आला, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. प्रत्यक्षात औषधाचा शोध आणि त्याचा योग्य वेळी होणारा वापर यांत कित्येकदा दशकांचे अंतर पडते. या अंतराची किंमत रुग्णांना मोजावी लागते. तीव्र दम्याच्या झटक्यात प्रौढ रुग्णांना दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड औषधांचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण आहे. कॉर्टिसोनचा रुग्णांवरील पहिला प्रयोग १९४८ मध्ये झाला. दम्याच्या गंभीर झटक्यात ते उपयोगी पडते हे १९५६ मध्ये नियंत्रित चाचणीने दाखवून दिले. तथापि रुग्ण रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचताच हे औषध द्यावे, या मुद्द्यावर वैद्यकीय जगताचे एकमत होण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले.

प्रस्तुत निबंधात या प्रदीर्घ प्रवासाचा कालक्रमानुसार आढावा घेतला आहे. औषध उपलब्ध असूनही ते वेळेवर का दिले गेले नाही, परस्परविरोधी वाटणाऱ्या चाचण्यांचा अर्थ कसा लावावा, आणि 'द्यावे की न द्यावे' हा प्रश्न 'केव्हा द्यावे' या प्रश्नात कसा रूपांतरित झाला, या तीन मुद्द्यांवर येथे विशेष भर दिला आहे. विषय वैद्यकीय असला तरी पुरावा म्हणजे काय आणि तो व्यवहारात कसा उतरतो हा त्यातील मूळ प्रश्न सर्वच ज्ञानशाखांच्या अभ्यासकांना विचारार्ह वाटावा असा आहे.

१. स्टेरॉइडपूर्व काळ :

दमा हा मानवाला फार प्राचीन काळापासून परिचित असलेला विकार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले असून, त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी बरेच जुळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमधील युरोपीय वैद्यांनी येथील धोतऱ्याच्या धूम्रपानाचा उपाय पाहिला आणि तो इंग्लंडमध्ये नेला. धोतऱ्यातील द्रव्यांमुळे श्वासनलिकांचे आकुंचन काही अंशी सैल पडते, हे पुढे स्पष्ट झाले. या घटनेमुळे दम्याच्या पाश्चात्त्य उपचारांच्या इतिहासात भारताचा उल्लेख आरंभापासूनच येतो.

लंडन येथील वैद्य हेन्री हाइड सॉल्टर यांचा दम्यावरील ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. सॉल्टर स्वतः दमेकरी होते. झटक्यावर कडक कॉफीचा उपाय त्यांनी सुचविला होता. दमा हा श्वासनलिकांच्या स्नायूंचा आचका आहे, ही त्या काळातील प्रमुख धारणा होती. त्यामुळे आकुंचित नलिका सैल करणे हेच उपचाराचे ध्येय मानले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ॲड्रिनॅलिनची टोचणी आली, १९२४ नंतर एफेड्रिनचा प्रसार झाला, आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिरेतून ॲमिनोफायलिन देण्याची पद्धत रूढ झाली. ही सर्व औषधे मुख्यतः नलिका सैल करणारी होती.

याच काळात आणखी एक समज दृढ झाला होता. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या प्रभावाखाली वाढलेल्या वैद्यांच्या पिढ्यांना दम्याच्या झटक्यात मृत्यू क्वचितच येतो असे वाटत असे. झटका भीतीदायक दिसतो, परंतु तो ओसरतो, असा हा विश्वास होता. पुढील काळातील दिरंगाईची बीजे या विश्वासात होती, असे म्हणता येईल.

२. कॉर्टिसोनचा उदय :

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे असलेल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच हे संधिवाताचे तज्ज्ञ कार्यरत होते. काविळीत व गर्भारपणात संधिवाताच्या रुग्णांना तात्पुरता आराम पडतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. शरीरातच निर्माण होणारे एखादे द्रव्य या आरामास कारणीभूत असावे, असा तर्क त्यांनी केला. त्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातून अनेक द्रव्ये वेगळी केली होती. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे टाडेउश रायखश्टाइन हेही त्याच दिशेने काम करीत होते. १९४४ मध्ये मर्क कंपनीतील लुईस सॅरेट यांनी पित्ताम्लापासून अनेक टप्प्यांच्या किचकट प्रक्रियेने हे द्रव्य तयार केले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्री रुग्णास ते प्रथम देण्यात आले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. हेच द्रव्य पुढे 'कॉर्टिसोन' या नावाने ओळखले गेले. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व रायखश्टाइन या तिघांना विभागून मिळाले.

संधिवातातील या यशानंतर अल्पावधीतच दम्यावरही प्रयोग सुरू झाले. अधिवृक्क ग्रंथीला चालना देणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाचा दम्यावरील परिणाम बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील वैद्यांनी १९४९ मध्ये नोंदविला, तर मेयो क्लिनिकमधील वैद्यांनी १९५० मध्ये परागकणांमुळे होणाऱ्या दम्यावर कॉर्टिसोनचा परिणाम प्रसिद्ध केला. इतर उपायांना दाद न देणारे झटके या औषधांनी ओसरत असल्याचे दिसून आले.

औषध मुबलक उपलब्ध होण्यासाठी मात्र रसायनशास्त्रातील दुसऱ्या एका क्रांतीची आवश्यकता होती. मेक्सिकोतील रानटी कंदापासून मिळणाऱ्या डायोस्जेनिनचा स्टेरॉइडनिर्मितीसाठी उपयोग रसेल मार्कर यांनी दाखविला होता. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील शास्त्रज्ञांनी बुरशीच्या साहाय्याने या निर्मितीतील सर्वांत अवघड टप्पा सोपा केला. १९५५ मध्ये प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन ही कॉर्टिसोनपेक्षा अधिक प्रभावी आणि शरीरात मीठ व पाणी कमी साठविणारी औषधे बाजारात आली. आज तातडीच्या विभागात दिली जाणारी प्रेडनिसोलोनची साधी गोळी ही या साखळीची परिणती होय.

परंतु आनंदाबरोबर चिंताही आली. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत चेहरा गोल होणे, रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग बळावणे असे परिणाम दिसू लागले. शिवाय औषध एकाएकी बंद केल्यास शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती अपुरी पडून रुग्ण संकटात सापडे. चमत्कारी औषध म्हणून गौरविलेले हे द्रव्य अवघ्या काही वर्षांत धोकादायक औषध म्हणूनही प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन वापरातून जन्मलेली ही भीती अल्पकालीन वापरावरही पडली आणि तिचा परिणाम पुढील तीन दशके जाणवत राहिला.

३. १९५६ ची चाचणी आणि तिचे अपुरे फलित :

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या क्षयरोगावरील चाचणीद्वारे यादृच्छिक नियंत्रित चाचणीचा आदर्श घालून दिला होता. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सांख्यिकीच्या आधारे मांडलेली ही पद्धती साधी होती. रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाचे, एका गटास औषध द्यावयाचे, आणि दोहोंची तुलना करावयाची. हीच पद्धती कौन्सिलने दम्याला लावली. १९५६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात कॉर्टिसोनच्या दोन चाचण्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले. एक चाचणी जुनाट दम्यावर होती आणि दुसरी न थांबणाऱ्या गंभीर झटक्यावर, म्हणजे 'स्टेटस ॲझ्मॅटिकस'वर होती.

या दोन अहवालांचे निष्कर्ष एकमेकांपासून भिन्न होते. जुनाट दम्यात कॉर्टिसोनचा टिकाऊ लाभ फारसा दिसला नाही. गंभीर झटक्यात मात्र औषध घेणारे रुग्ण प्लॅसिबो, म्हणजे औषधी गुण नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा लवकर सुधारले. रुग्णसंख्या लहान होती. परंतु तीव्र झटक्यात स्टेरॉइड उपयोगी पडते, याचा नियंत्रित पुरावा यातून प्रथमच उपलब्ध झाला.

असे असूनही व्यवहारात फारसा बदल झाला नाही. याची कारणे तीन दिसतात. पहिले कारण असे की, चाचणी रुग्णालयात दाखल असलेल्या, दिवसेंदिवस झुंजणाऱ्या रुग्णांवर झाली होती. दारात नुकत्याच आलेल्या रुग्णाचे काय करावे, हे तिने सांगितले नव्हते. दुसरे, स्टेरॉइड हे 'अखेरचे अस्त्र' आहे, ही धारणा दृढ होत गेली. इतर सर्व उपाय थकल्यावर ते वापरावे, असे मानले जाऊ लागले. तिसरे कारण संस्थात्मक होते. आज ज्याला तातडीचा विभाग म्हणतात, तो त्या काळी बहुतेक देशांत अपघाताच्या जखमा बांधण्याचा कक्ष होता. तेथे अनुभवी वैद्य क्वचितच असत. ब्रिटनमध्ये या विभागातील वैद्यांची संघटना १९६७ मध्ये, तर अमेरिकेत १९६८ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेत तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती १९७९ मध्ये.

४. मृत्यूंच्या दोन लाटा :

१९६० च्या दशकात दम्याच्या मृत्यूंबाबतचा जुना विश्वास ढासळला. इंग्लंड व वेल्समध्ये ५ ते ३४ या वयोगटातील दम्याच्या मृत्यूंचे प्रमाण १९५९ नंतर झपाट्याने वाढले. १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांत ते १९६६ पर्यंत सुमारे आठपट झाले आणि या वयातील सर्व मृत्यूंपैकी ७ टक्के मृत्यू दम्याने होऊ लागले. फ्रँक स्पायझर, रिचर्ड डॉल व पी. हीफ यांनी १९६८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याची चिकित्सा केली. संशय प्रथम दोन नव्या उपचारांवर गेला. एक म्हणजे फवाऱ्यातून घेतले जाणारे आयसोप्रेनॅलिन, आणि दुसरा म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे मृत्यू वाढल्याचे सिद्ध झाले नाही. फवाऱ्यांच्या अतिवापराकडे मात्र बोट दाखविले गेले. १९६७ मध्ये वैद्यांना सावधगिरीची सूचना देण्यात आली, १९६८ मध्ये हे फवारे विनाचिठ्ठी विकण्यास बंदी झाली आणि मृत्यूंचे प्रमाण उतरले.

या घटनेचा इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा अर्थ निराळा आहे. फवाऱ्याने क्षणिक आराम मिळे. रुग्ण घरीच थांबे. श्वासनलिकांच्या अस्तरातील सूज व चिकट कफाचे खडे मात्र आत वाढत राहत. दम्याने दगावलेल्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास करून एम. एस. डनिल यांनी १९६० मध्ये नेमके हेच चित्र मांडले होते. नलिका कफाच्या बुचांनी भरलेल्या होत्या आणि त्यांच्या अस्तरात शोथ होता. स्नायूंचा आचका सैल करणारे औषध या बुचांपुढे हतबल होते. शोथावर काम करणारे औषध उपलब्ध होते, परंतु ते रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचत नव्हते.

या उणिवेची जाणीव ठेवून एडिनबरा येथे १९६८ मध्ये एक अभिनव योजना सुरू झाली. आय. डब्ल्यू. बी. ग्रँट व जी. के. क्रॉम्टन यांच्या पुढाकाराने गंभीर दमा असलेल्या नोंदणीकृत रुग्णांना आपल्या कुटुंबवैद्याची परवानगी न घेता थेट रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात येण्याची मुभा देण्यात आली. वरवर पाहता ही केवळ प्रशासकीय सुधारणा होती. परंतु दम्याच्या झटक्यात वेळ हाच निर्णायक घटक आहे, हे तिच्यामागील तत्त्व होते.

दुसरी लाट न्यूझीलंडमध्ये १९७६ पासून उसळली. फेनोटेरॉल या तीव्र स्वरूपाच्या फवाऱ्याशी तिचा संबंध ज्यूलियन क्रेन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविला. हा निष्कर्ष मान्य होण्यापूर्वी तेथे प्रदीर्घ वाद झाला. दोष औषधाचा नसून अपुऱ्या उपचारांचा व स्टेरॉइडच्या तुटपुंज्या वापराचा आहे, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. फेनोटेरॉलवर निर्बंध आल्यानंतर मृत्यू घटले. म्हणून पहिल्या मताला बळकटी मिळाली. तरीही दुसऱ्या मतातील तथ्यांश अन्यत्र पुढे आलाच होता. ब्रिटिश थोरॅसिक असोसिएशनने १९८२ मध्ये इंग्लंडच्या दोन विभागांतील ९० प्रौढ रुग्णांच्या मृत्यूंचा शोध प्रसिद्ध केला. झटक्याचे गांभीर्य रुग्ण, नातेवाईक व वैद्य यांच्यापैकी कोणालाच पुरेसे उमगले नाही, आणि स्टेरॉइड एकतर दिले गेले नाही, वा अपुरे अथवा उशिरा दिले गेले, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसून आले. या मृत्यूंपैकी अनेक टाळता येण्याजोगे होते.

५. परस्परविरोधी चाचण्यांचे दशक (१९७६ ते १९८६) :

एकीकडे मृत्यूंच्या चौकशा स्टेरॉइडच्या बाजूने बोलत असताना, दुसरीकडे चाचण्यांचे निष्कर्ष संभ्रम वाढवीत होते. १९७६ मध्ये ई. आर. मॅकफॅडन व सहकाऱ्यांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या एका मात्रेचा तीव्र झटक्यावरील परिणाम तपासला. पहिल्या काही तासांत फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत औषध घेणारे व न घेणारे यांत फरक आढळला नाही. या निष्कर्षाचा प्रभाव मोठा होता. तातडीच्या विभागात रुग्ण काही तासच असतो. त्या वेळात जर फरक पडत नसेल, तर धोक्याचे औषध का द्यावे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

१९८३ मध्ये त्याच मॅकफॅडन यांचा सहभाग असलेली दुसरी चाचणी सी. एच. फँटा यांच्या नावे प्रसिद्ध झाली. नलिका सैल करणाऱ्या औषधांना पुरेसा प्रतिसाद न दिलेल्या रुग्णांना शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिले गेले. २४ तासांनंतर मोजणी केली असता औषध घेणाऱ्यांची सुधारणा निःसंशय अधिक होती. एकाच संशोधकाच्या दोन चाचण्यांत आलेला हा भेद घड्याळाने निर्माण केला होता. सहा तासांनी न दिसणारी गोष्ट चोवीस तासांनी दिसत होती.

या कोड्याची उकल शरीरक्रियाविज्ञानाने केली. स्टेरॉइडचा रेणू पेशीत शिरून तेथील ग्राहकाशी जोडला जातो. हा जोड पेशीकेंद्रात जाऊन जनुकांचे काम बदलतो, शोथ निर्माण करणाऱ्या प्रथिनांची निर्मिती रोखतो, आणि नलिका सैल करणाऱ्या औषधांचे ग्राहक वाढवितो. मानवी स्टेरॉइड ग्राहकाचे जनुक १९८५ मध्ये वेगळे करण्यात आले. प्रथिननिर्मितीतील बदलाला तास लागतात. म्हणजे स्टेरॉइड हे मंद गतीने काम करणारे औषध आहे. मात्र त्याचा परिणाम उशिरा दिसतो म्हणून ते उशिरा द्यावे, असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट ठरते. परिणामाला वेळ लागतो म्हणूनच ते सर्वांत आधी द्यावयास हवे, हा खरा निष्कर्ष होय.

बी. लिटनबर्ग व ई. एच. ग्लक यांची १९८६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी नेमक्या याच तर्कावर आधारलेली होती. तातडीच्या विभागात आलेल्या ९७ रुग्णांपैकी निम्म्यांना प्रारंभीच मिथिलप्रेडनिसोलोनची १२५ मिलिग्रॅमची टोचणी शिरेतून देण्यात आली. येथे प्रश्नही बदलला होता. फुप्फुसांची मोजणी हा मुख्य निकष न मानता, रुग्णास रुग्णालयात दाखल करावे लागले काय, हे पाहण्यात आले. स्टेरॉइड मिळालेल्या ४८ पैकी ९, म्हणजे १९ टक्के रुग्णांना दाखल करावे लागले. प्लॅसिबो मिळालेल्या ४९ पैकी २३, म्हणजे ४७ टक्के रुग्णांना दाखल व्हावे लागले.

यानंतरही वाद संपला नाही. १९९० मध्ये स्टाइन व कोल यांना आणि १९९४ मध्ये उरुग्वेतील रोद्रीगो यांना लवकर स्टेरॉइड देण्याचा असा लाभ आढळला नाही. छोट्या चाचण्यांचे निकाल असे हेलकावे खात असताना प्रत्येक वैद्य आपल्या पूर्वग्रहाला अनुकूल चाचणी पुढे करू शकत होता.

६. मार्ग, मात्रा आणि मुदत :

याच सुमारास तीन व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे मिळू लागली. पहिला प्रश्न मार्गाचा होता. शिरेतून दिलेले औषध गोळीपेक्षा प्रभावी असते, असा सार्वत्रिक समज होता. १९८६ मध्ये ब्रिटनमधील हॅरिसन व सहकाऱ्यांनी, आणि १९८८ मध्ये अमेरिकेतील रॅटो व सहकाऱ्यांनी, गिळू शकणाऱ्या रुग्णांत तोंडावाटे दिलेले स्टेरॉइड तितकेच उपयोगी असल्याचे दाखविले. या निष्कर्षाचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. गोळी स्वस्त असते, तिला सुई वा प्रशिक्षित हात लागत नाहीत, आणि ती लहान गावातील दवाखान्यातही देता येते.

दुसरा प्रश्न मात्रेचा. १९७० च्या दशकात काही रुग्णालयांत अतिशय मोठ्या मात्रा दिल्या जात. २००१ मध्ये आर. मॅन्सर व सहकाऱ्यांनी उपलब्ध चाचण्यांचे संकलन केले तेव्हा, रुग्णालयात दाखल प्रौढांत दिवसाला ८० मिलिग्रॅम वा त्याहून कमी मिथिलप्रेडनिसोलोन मोठ्या मात्रांइतकेच पुरेसे असल्याचे आढळले.

तिसरा प्रश्न मुदतीचा. झटका शमून घरी गेलेला रुग्ण काही दिवसांत पुन्हा धापा टाकीत परत येतो, हा जुना अनुभव होता. के. आर. चॅपमन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये, तातडीच्या विभागातून घरी जाताना प्रेडनिसोनचा अल्पकालीन क्रम दिल्यास झटका उलटण्याचे प्रमाण घटते, हे दाखविले. १९९३ मध्ये ओड्रिस्कॉल व सहकाऱ्यांनी १० दिवसांच्या प्रेडनिसोलोननंतर औषध हळूहळू कमी करणे व एकदम थांबविणे यांत फरक पडत नाही, असे सिद्ध केले. 'एकदा सुरू केले की सुटत नाही' या भीतीला अल्पकालीन उपचारापुरते तरी हे चोख उत्तर होते. १९९९ मध्ये ब्रायन रो व सहकाऱ्यांनी कॅनडात आणखी एक पाऊल टाकले. घरी जाणाऱ्या सर्व रुग्णांना प्रेडनिसोन देऊन, त्यांपैकी निम्म्यांना श्वासावाटे ब्युडेसोनाइडही दिले. त्यांच्यात झटका उलटण्याचे प्रमाण २४.५ टक्क्यांवरून १२.८ टक्क्यांवर आले.

७. संकलित पुराव्याचा निर्णय :

विखुरलेल्या चाचण्यांतून एक उत्तर काढण्याची पद्धती १९९० च्या दशकात कॉक्रेन सहयोगाने रूढ केली. त्या अंतर्गत ब्रायन रो व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १२ चाचण्यांतील ८६३ रुग्णांची माहिती एकत्र केली. तातडीच्या विभागात आल्यापासून एका तासाच्या आत स्टेरॉइड दिल्यास रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता लक्षणीय घटते, असे दिसून आले. दर ८ रुग्णांना असे औषध दिले असता एका रुग्णाचे दाखल होणे टळते. ज्यांना आधीपासून स्टेरॉइड सुरू नव्हते आणि ज्यांचा झटका अधिक गंभीर होता, त्यांना लाभ अधिक होता. १९७६, १९८६ व १९९० च्या परस्परविरोधी निकालांचे कोडे अशा रीतीने सुटले. छोट्या चाचण्यांत परिणाम दिसणे वा न दिसणे बरेचसे रुग्णांच्या निवडीवर आणि मोजणीच्या वेळेवर अवलंबून होते.

ब्रिटनमध्ये १९९० मध्ये व अमेरिकेत १९९१ मध्ये दम्याच्या उपचारांची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. पुढे 'जिना' या जागतिक उपक्रमाने १९९५ पासून तीच दिशा जगभर नेली. मध्यम व गंभीर झटक्यात प्रौढांना शक्यतो पहिल्या तासात स्टेरॉइड द्यावे, गोळीला प्राधान्य द्यावे, आणि सर्वसाधारणतः ५ ते ७ दिवस ते चालू ठेवावे, हा आजचा मान्य दंडक आहे.

तथापि मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे आचरण नव्हे. ब्रिटनमधील दम्याच्या मृत्यूंच्या राष्ट्रीय आढाव्यात २०१४ मध्ये १९५ मृत्यूंचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी ४५ टक्के रुग्ण वैद्यकीय मदत न मागताच किंवा तातडीची मदत मिळण्यापूर्वीच दगावले होते. १९८२ च्या अहवालानंतर बत्तीस वर्षे लोटली होती, तरी उशीर हे कारण तसेच उभे होते.

८. भारतीय संदर्भ :

हा इतिहास प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका, कॅनडा व न्यूझीलंड येथे घडला असला तरी त्याचा सर्वांत निकडीचा प्रश्न भारतापुढे आहे. २०१९ च्या जागतिक रोगभार अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख दमेकरी होते. हे प्रमाण जगाच्या सुमारे १३ टक्के भरते. परंतु दम्याने होणाऱ्या जागतिक मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात, असाच अंदाज सांगतो. या दोन आकड्यांतील तफावत ही औषधाच्या अभावाची नाही. प्रेडनिसोलोन भारतात तयार होते, ते स्वस्त आहे, आणि अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तफावत आहे ती निदानाची, नियमित उपचाराची आणि वेळेची. तातडीच्या वैद्यकाला भारतीय वैद्यक परिषदेने स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली तीच मुळी २००९ मध्ये.

येथील परिस्थितीत एक विसंगतीही आढळते. एका बाजूस स्टेरॉइडच्या नावाने रुग्ण व नातेवाईक धास्तावतात आणि झटक्यातही ते नको म्हणतात. दुसऱ्या बाजूस वैद्याच्या चिठ्ठीविना दुकानातून घेतलेल्या गोळ्यांतून वा घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांतून तेच स्टेरॉइड नकळत महिनोन् महिने पोटात जाते. जेथे ते हवे तेथे मिळत नाही आणि जेथे नको तेथे मिळत राहते. १९५० च्या दशकात निर्माण झालेली अल्पकालीन व दीर्घकालीन वापरातील गल्लत अशा रीतीने आजही जिवंत आहे.

९. नवे वळण :

अलीकडे या औषधाच्या मर्यादांचाही नव्याने विचार होत आहे. २०११ मध्ये प्रौढांतील एका चाचणीत दोन दिवस दिलेले डेक्सामेथासोन पाच दिवसांच्या प्रेडनिसोनच्या तोडीचे ठरले. वारंवार घेतलेले अल्पकालीन क्रमही वर्षानुवर्षांच्या बेरजेत हाडांना व रक्तशर्करेला बाधक ठरतात, याकडे संशोधकांनी लक्ष वेधले आहे. २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दम्याच्या व जुनाट श्वासरोगाच्या १५८ रुग्णांत झटक्याच्या वेळी बेनरालिझुमॅब या प्रतिपिंडाची टोचणी देण्यात आली. ९० दिवसांत उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण केवळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत ७४ टक्के, तर टोचणी घेतलेल्यांत ४५ टक्के होते. ही टोचणी महाग आहे आणि तिच्या मोठ्या चाचण्या व्हावयाच्या आहेत. म्हणून आजही तातडीच्या विभागातील पहिला आधार प्रेडनिसोलोनच आहे. परंतु सत्तर वर्षांनंतर प्रथमच त्याच्या जागेचा गंभीरपणे विचार होऊ लागला आहे, हे नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. तीव्र दम्यात स्टेरॉइड उपयोगी आहे हे १९५६ मध्ये दिसून आले होते. ते तातडीच्या विभागात प्रारंभीच द्यावे, हे मान्य होण्यास त्यानंतर सुमारे साडेतीन दशके लागली. या विलंबास ज्ञानाच्या अभावापेक्षा दीर्घकालीन दुष्परिणामांची भीती, 'दम्याने माणूस मरत नाही' हा जुना समज, आणि तातडीच्या सेवेची दुर्बल रचना अधिक कारणीभूत होती.

२. चाचण्यांतील विरोध बहुतांशी प्रश्नांच्या मांडणीतून निर्माण झाला. सहा तासांनी फुप्फुसांची मोजणी करणे आणि रुग्ण दाखल झाला की घरी गेला हे पाहणे, या दोन निकषांनी दोन भिन्न उत्तरे दिली. कोणता निकष निवडावा, हा केवळ तांत्रिक प्रश्न नसून रुग्णाच्या हिताची व्याख्या करण्याचा प्रश्न आहे.

३. औषधाचा परिणाम मंद असणे हे ते उशिरा देण्याचे कारण नसून लवकर देण्याचे कारण आहे, ही या इतिहासाची मध्यवर्ती शिकवण होय.

४. गोळी ही टोचणीइतकीच प्रभावी असल्याचा पुरावा साधनांची टंचाई असलेल्या समाजांसाठी सर्वांत मोलाचा आहे. मात्र त्याचा लाभ मिळण्यासाठी रुग्णाने झटक्याचे गांभीर्य ओळखणे, जवळच्या दवाखान्यात गोळी असणे व ती देण्याचे धैर्य वैद्यात असणे, या तीनही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

५. मृत्यूंच्या चौकशीचे १९८२ व २०१४ चे अहवाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता, औषधे बदलली तरी दिरंगाईचे स्वरूप फारसे बदललेले नाही, असे दिसते. दम्याच्या उपचाराचा पुढील इतिहास म्हणूनच नव्या रेणूंइतकाच रुग्ण आणि औषध यांच्यातील अंतराचाही इतिहास असेल.